हृदयाची झडप आणि रक्ताची साक्ष

१८९६ सालीं लंडनचे शस्त्रवैद्य स्टीफन पॅजेट यांचा छातीच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हृदयापाशीं येऊन शस्त्रविद्येची हद्द संपली, ती निसर्गानेंच घालून दिलेली आहे, असा अभिप्राय त्यांत त्यांनीं दिला होता. त्याच वर्षाच्या सप्टेंबर महिन्यांत जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं लुडविग रेन यांनीं सुरीनें भोसकल्या गेलेल्या एका तरुणाच्या हृदयाला टांके घातले, आणि तो तरुण जगला. पंडितांनीं हद्द सांगावी आणि हातानें काम करणाऱ्यानें ती ओलांडावी, हा प्रकार विज्ञानाच्या इतिहासांत नवा नाहीं. परंतु हद्द ओलांडल्यावर जो प्रश्न उभा राहतो तो पहिल्याहून अवघड असतो. हृदयावर शस्त्र चालवितां येतें हें ठरल्यावर, तें कोणावर चालवावें, केव्हां चालवावें, आणि चालविल्यावर तो मनुष्य किती दिवस जगेल, हें ओळखावें कशानें? हें उत्तर शोधतां शोधतां वैद्यक हृदयाकडून रक्ताच्या चार थेंबांपर्यंत कसें येऊन पोंचलें, तो वृत्तांत मोठा मनोरंजक आहे.

हृदयांत चार झडपा आहेत. वरच्या दोन कर्णिका व खालच्या दोन जवनिका यांच्यामध्यें दोन, आणि जवनिकांतून निघणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशीं दोन. विहिरीवरील पंपाची झडप जें काम करते तेंच या करतात: रक्ताला पुढें जाऊं द्यावयाचें, मागें फिरूं द्यावयाचें नाहीं. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी दिवसाकाठीं एक लाख वेळां प्रत्येक झडप उघडते आणि मिटते. इतक्या पातळ पापुद्र्यानें सत्तर-ऐंशीं वर्षें हें काम करावें, हेंच नवल. पण कित्येकांच्या बाबतींत तसें होत नाहीं. लहानपणीं घसा दुखण्यामागून येणारा संधिज्वर झडपांच्या कडा एकमेकींना चिकटवून टाकतो. उतारवयांत महारोहिणीच्या, म्हणजे सर्व शरीराला शुद्ध रक्त पुरविणाऱ्या थोर वाहिनीच्या, तोंडावरील झडपेंत चुना सांचत जातो आणि ती दगडासारखी घट्ट होते. दार अरुंद झालें म्हणजे आंतल्या माणसाला अधिक जोर लावावा लागतो. डावी जवनिका तेंच करते. तिची भिंत तालमींतल्या दंडासारखी जाड होते, आणि वर्षानुवर्षें रोग्याला आपल्या आंत कांहीं चाललें आहे याची वार्ताहि नसते. मग एक दिवस जिना चढतांना छातींत दुखतें, डोळ्यांपुढें अंधारी येते, रात्रीं उताणें निजवत नाहीं. तोंपर्यंत त्या जाड भिंतींत स्नायूच्या जागीं तंतुमय व्रण पडूं लागलेले असतात, आणि पडलेला व्रण शस्त्रवैद्याला काढून टाकतां येत नाहीं.

झडपेवरील ज्या प्रयोगांपासून हा वृत्तांत सुरू होतो ते या महारोहिणीच्या झडपेवर झाले नाहींत. ते संधिज्वरानें चिकटलेल्या डाव्या बाजूच्या द्विदल झडपेवर झाले. १९२३ सालीं बॉस्टनचे इलियट कटलर यांनीं बारा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांत बारीक सुरी घालून ती झडप कापली. ती मुलगी साडेचार वर्षें जगली. पण तिच्यामागून ज्यांच्यावर हा उपाय केला ते जवळजवळ सर्व रोगी दगावले आणि प्रयोग बंद पडला. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री सौटर यांनीं एका तरुण मुलीच्या धडधडत्या हृदयांत आपलें बोट घातलें. सुरी हातीं होतीच, पण बोटाला झडपेची स्थिति कळतांच त्यांनीं सुरी बाजूला ठेवली आणि बोटानेंच मार्ग रुंद केला. मुलगी बरी होऊन घरीं गेली. इतकें यश येऊनहि सौटर यांच्याकडे असा दुसरा रोगी कोणीं पाठविला नाहीं! हृदयाचे दुखणें हें झडपेचें नसून स्नायूचें आहे, तेव्हां झडपेला हात लावण्यांत अर्थ नाहीं, अशी त्या काळच्या थोर वैद्यांची समजूत होती. त्या समजुतीनें किती माणसें गेलीं याचा हिशेब कोणाजवळ नाहीं. तथापि ती समजूत अगदींच निराधार होती असेंहि नव्हे. स्नायु थकला असेल तर झडप सुधारून उपयोग नाहीं, हें खरेंच होतें. चूक एवढीच कीं, स्नायु थकला आहे कीं नाहीं हें पाहण्याचें साधन नसतांना त्यांनीं सर्वांचाच स्नायु थकलेला गृहीत धरला.

दुसऱ्या महायुद्धानें हृदयाचें भय मोडलें. बॉस्टनचे ड्वाइट हार्कन यांनीं इंग्लंडांतील लष्करी इस्पितळांत १३४ सैनिकांच्या हृदयांतून व आसपासच्या मोठ्या वाहिन्यांजवळून गोळ्यांचे आणि बाँबचे तुकडे काढले, आणि त्यांपैकीं एकहि दगावला नाहीं. १९४८ च्या जून महिन्यांत फिलाडेल्फियाचे चार्ल्स बेली यांनीं पूर्वींचे रोगी गमावल्यावर एकाच दिवशीं दोन निरनिराळ्या इस्पितळांत दोन शस्त्रक्रिया ठेवल्या, हेतु हा कीं, सकाळचा रोगी दगावला तर दुपारचीला आडकाठी करण्यास कोणाला सवड मिळूं नये. सकाळचा रोगी खरोखरच गेला. दुपारची स्त्री वांचली, आणि पुढें कित्येक दशकें जगली. या धाडसाला काय म्हणावें हा प्रश्न आज निराळ्या रीतीनें विचारला जाईल. सहा दिवसांनीं हार्कन यांना, व सप्टेंबरांत लंडनच्या रसेल ब्रॉक यांनाहि यश आलें, आणि मग मागें पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

चिकटलेली झडप सोडविणें वेगळें आणि निकामी झडप काढून तिच्या जागीं नवी बसविणें वेगळें. त्यासाठीं हृदय थांबवून उघडावें लागतें, आणि तेवढा वेळ हृदयाचें व फुप्फुसाचें काम दुसऱ्या कोणीं तरी करावें लागतें. फिलाडेल्फियाच्या जॉन गिबन यांच्या यंत्रानें तें काम ६ मे १९५३ रोजीं प्रथम यशस्वी रीतीनें केलें. १९६० च्या मार्च महिन्यांत, १० तारखेस हार्कन यांनीं महारोहिणीच्या जागीं पिंजऱ्यांतल्या चेंडूची झडप बसविली, आणि दुसऱ्याच दिवशीं बेथेस्डा येथें नीना ब्रॉनवाल्ड या तरुण शस्त्रवैद्य स्त्रीनें आपण स्वतः तयार केलेली द्विदल झडप बसविली. पण ज्या झडपेनें हा उपाय सर्व जगांत नेला, ती ऑरेगन प्रांतांतील पोर्टलंड गांवीं जन्मली. लोवेल एडवर्ड्स हे साठीचे निवृत्त एंजिनियर. पाण्याच्या दाबाच्या यंत्रांत आणि विमानांच्या इंधनपंपांत त्यांचें आयुष्य गेलेलें. १९५८ सालीं ते आल्बर्ट स्टार या तरुण शस्त्रवैद्याकडे आले आणि म्हणाले कीं, आपल्याला कृत्रिम हृदय बनवावयाचें आहे. स्टार यांनीं त्यांना समजावलें कीं, सबंध हृदयाआधीं एक झडप करून पाहूं. दोन दळांची पहिली झडप कुत्र्यांच्या अंगांत रक्त गोठून बंद पडे. तेव्हां नैसर्गिक आकृतीचें अनुकरण सोडून त्यांनीं पिंजरा आणि त्यांत खालींवर होणारा रबरी चेंडू अशी रचना केली. १९६० च्या ऑगस्ट महिन्यांतील पहिली रोगी स्त्री शस्त्रक्रियेनंतर कांहीं तासांतच वाहिन्यांत हवा शिरल्यामुळें वारली. २१ सप्टेंबरचा दुसरा रोगी, वय वर्षें बावन्न, पुढें दहा वर्षें जगला, आणि घराला रंग देतां देतां शिडीवरून पडून मेला. झडप शेवटपर्यंत शाबूत होती.

यानंतरच्या वीस वर्षांत झडपांचे प्रकार वाढले. १९६२ सालीं लंडनच्या डोनल्ड रॉस यांनीं मृत मनुष्याची झडप वापरली. पॅरिसच्या आलें कार्पांतिए यांनीं डुकराची झडप ग्लुटारल्डिहाइडनें कमावून टिकाऊ केली. १९७७ मध्यें दोन अर्धगोल पाकळ्यांची कार्बनची झडप आली. कारागिरीचा हा इतिहास स्वतंत्रपणें सांगण्यासारखा आहे. येथें मुद्दा निराळा आहे. झडप चांगली, शस्त्रक्रिया निर्दोष, आणि तरी कांहीं रोगी वर्षा-दोन वर्षांत जात. उलट कांहींजण मरणाच्या दारांतून परत येत. फरक झडपेंत नव्हता. तो त्यामागच्या स्नायूंत होता.

१९६८ सालीं जॉन रॉस आणि नीनाबाईंचे पति युजीन ब्रॉनवाल्ड यांनीं एक लेख लिहिला. महारोहिणीची झडप अरुंद झालेला रोगी लक्षणें दिसेपर्यंत बहुधा सुखरूप असतो. परंतु एकदां घेरी येऊं लागली म्हणजे पुढें सरासरी तीन वर्षें, आणि हृदय थकून दम लागूं लागला म्हणजे दोन वर्षें, एवढाच अवधि उरतो, असें त्यांनीं दाखविलें. त्यांतून पुढील अर्धशतकाचा नियम निघाला: लक्षणें नसतील तर थांबा, दिसतांच झडप बदला. नियम सुटसुटीत होता, पण त्याचा सर्व भार रोग्याच्या शब्दावर होता. आणि रोग्याचा शब्द कसा असतो? ज्याला दम लागूं लागतो तो आपोआप सावकाश चालूं लागतो. पुढें तो जिना टाळतो, बाजारहाट मुलाकडे सोंपवितो, सकाळचें फिरणें बंद करतो, आणि वैद्यानें विचारलें म्हणजे प्रामाणिकपणें सांगतो कीं, मला कांहींच त्रास होत नाहीं. वय झालें, एवढेंच. स्टेथॉस्कोपला झडपेचा खरखराट ऐकूं येतो. १९५३ सालीं स्वीडनमधील लुंड गांवीं एडलर आणि हर्ट्झ यांनीं कानाला न ऐकूं येणाऱ्या ध्वनिलहरींनीं हृदय पाहण्याची जी रीति काढली, तिनें पुढें झडपेचें तोंड किती उघडतें हें मोजतां येऊं लागलें. पण तोंड किती अरुंद आहे हें कळलें म्हणून मागचा स्नायु किती सोशीत आहे हें कळतें असें नाहीं. एकाच मापाच्या झडपेमागें एकाचें हृदय दमदार असतें, दुसऱ्याचें मोडकळीस आलेलें असतें.

रक्त याबाबत साक्ष देऊं शकेल ही कल्पना प्रथम दुसऱ्याच रोगांत खरी ठरली. १९५४ सालीं न्यूयॉर्क येथें कारमेन, लाड्यू आणि रुब्लेव्स्की यांनीं दाखविलें कीं, हृदयाचा झटका येऊन स्नायूचा तुकडा मेला म्हणजे त्याच्या पेशींतील ट्रान्सॲमिनेज नांवाचें द्रव्य फुटून रक्तांत येतें व तेथें तें मोजतां येतें. पुढें याच मार्गानें अधिक नेमका साक्षीदार मिळाला. टोकियोचे सेत्सुरो एबाशी यांनीं १९६० नंतरच्या दशकांत स्नायूच्या आकुंचनाचें नियमन करणारें ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन शोधून काढलें होतें. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हायडेलबर्गचे ह्यूगो काटुस यांनीं हृदयाचें म्हणून खास असलेलें ट्रोपोनिन रक्तांत मोजण्याची रीति बसविली. परंतु हे साक्षीदार प्रेताजवळ सांपडणारे होते; पेशी मेली वा जखमी झाली म्हणजेच ते बोलत. झडपेच्या रोगांत जें हवें होतें तें निराळें. जिवंत पण ताणाखालीं असलेल्या स्नायूची हांक ऐकूं यावयास हवी होती.

ती हांक ऐकणारे कान फार आडवळणानें आले. १९५६ सालीं दोन गोष्टी एकमेकींना ठाऊक नसतां घडल्या. ब्रूनो किश यांना गिनिपिगच्या कर्णिकेच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं गडद रंगाचे कण दिसले. त्यांचें प्रयोजन कोणाला सांगतां येईना. त्याच वर्षीं हेन्री, गाउअर व रीव्ह्ज यांनीं कुत्र्याच्या डाव्या कर्णिकेंत फुगा फुगविला, तों कुत्र्याला लघवी जास्त होऊं लागली. हृदय ताणलें म्हणजे मूत्रपिंडाला तें कसें कळतें? तो मज्जातंतूंचा खेळ समजून तेवढ्यावर भागविण्यांत आलें. कण एकीकडे आणि लघवी दुसरीकडे, अशीं पंचवीस वर्षें गेलीं. कॅनडांतील किंग्स्टन येथें अर्जेंटिनाहून आलेले आडोल्फो डी बोल्ड हे त्या कणांच्या मागें चिकाटीनें लागले होते. शरीरांतील पाणी व मीठ बदललें म्हणजे कणांची संख्याहि बदलते, हें त्यांच्या ध्यानांत आलें. १९८१ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांच्या कर्णिकांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोंचला. लघवीवाटे जाणारें सोडियम तीस पटींहून अधिक वाढलें, आणि लघवी दहापट झाली. जवनिकेच्या अर्कानें मात्र कांहींच झालें नाहीं.

याचा अर्थ केवढा होता! हार्वेच्या काळापासून जें हृदय केवळ पंप समजलें जात होतें तें ग्रंथीहि होतें. अंगावर भार पडला म्हणजे तें रक्तावाटे मूत्रपिंडाला निरोप पाठवितें कीं, मीठ आणि पाणी बाहेर काढ, माझें ओझें हलकें कर. जपानांतील मियाझाकी येथील मात्सुओ व कांगावा यांनीं या निरोप्याची रासायनिक घडण उलगडली, आणि १९८८ सालीं त्याच मंडळींना डुकराच्या मेंदूंत त्याचा एक भाऊ सांपडला. मेंदूंत सांपडला म्हणून त्याला ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड, संक्षेपानें बी.एन.पी., हें नांव पडलें. नांव चुकलें. क्योटोच्या संशोधकांनीं १९९१ सालीं दाखविलें कीं, मनुष्याच्या शरीरांत हें द्रव्य मुख्यतः हृदयाची जवनिकाच सोडते. पण बारशाला ठेवलेलें नांव बदलत नाहीं, तसें तें आजपर्यंत चालू आहे. जवनिकेच्या भिंतीवर ताण पडला म्हणजे तिच्या पेशी १०८ दुव्यांची एक सांखळी तयार करतात. ती तुटून ३२ दुव्यांचें कार्यक्षम बी.एन.पी. आणि ७६ दुव्यांचा उरलेला तुकडा, असे दोन भाग रक्तांत येतात. पहिला वीसएक मिनिटांत अर्धा होतो, दुसरा अधिक वेळ टिकतो, म्हणून प्रयोगशाळा दोहोंपैकीं एक मोजतात. माप पिकोग्रामांत असतें. पिकोग्राम म्हणजे एका ग्रॅमचा एक लक्ष कोटीवा भाग.

२००२ सालीं ॲलन मायसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दम लागल्यामुळें इस्पितळांत धांवत आणलेल्या १५८६ रोग्यांचें रक्त तपासलें. एका मिलिलिटरांत १०० पिकोग्राम ही रेघ धरली असतां, दमाचें कारण हृदय आहे कीं दुसरें कांहीं हें शेंकडा ८३ वेळां बरोबर ओळखतां आलें. यामुळें झडपांचे वैद्य जागे झाले. २००३ मध्यें न्यूझीलंडच्या संशोधकांना दिसलें कीं, महारोहिणीच्या अरुंद झडपेचा रोगी जसजसा लक्षणांकडे सरकतो तसतसा रक्तांतील हा अंक चढतो. २००४ मध्यें व्हिएन्नाच्या युटा बेर्गलर-क्लाइन आणि त्यांचे सहकारी यांनीं १३० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना लक्षणें नव्हतीं व ज्यांचा अंक १३० च्या खालीं होता, ते बहुतेक पुढील नऊ महिने निर्वेध राहिले. ज्यांचा वर होता त्यांच्यापैकीं निम्म्यांहून कमी लोकांना हें भाग्य लाभलें. आणि ज्यांची झडप बदलली त्यांच्या बाबतींत शस्त्रक्रियेपूर्वींचा अंक शस्त्रक्रियेनंतर कोण जगेल व कोणाचें हृदय सांवरेल याचीहि सूचना देत होता. दहा वर्षांनीं, २०१४ सालीं, अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधून १९५३ रोग्यांची पाहणी आली. तिनें एक महत्त्वाची सुधारणा केली. हा अंक वयाबरोबर वाढतो व स्त्रियांत पुरुषांपेक्षां स्वभावतःच अधिक असतो. म्हणून नुसता अंक न पाहतां, त्या वयाच्या व त्या लिंगाच्या निरोगी माणसाच्या कितीपट तो आहे हें पाहावें. पट जसजशी चढते तसतसा मृत्यूचा धोका चढतो, लक्षणें असोत वा नसोत. या सर्व कामाचें फळ म्हणून २०१७ च्या युरोपीय आणि २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक नियमांत असें आलें कीं, लक्षणें नसलेल्या पण झडप अतिशय अरुंद झालेल्या, शस्त्रक्रियेचा धोका कमी असलेल्या रोग्याचा अंक स्वाभाविकाच्या तिपटीहून वर असेल तर झडप बदलण्याचा विचार रास्त आहे. रोग्याच्या शब्दाच्या जोडीला रक्ताचा शब्द वैद्यकाच्या दप्तरीं दाखल झाला.

याच काळांत झडप बदलण्याची रीतिच पालटत होती. १६ एप्रिल २००२ रोजीं फ्रान्समधील रुआं शहरीं आलें क्रिबिए यांनीं छाती न उघडतां, मांडींतील शिरेवाटे नळी नेऊन, मिटलेली झडप हृदयांत पोंचविली व तेथें उघडली. रोगी ५७ वर्षांचा, मरणासन्न, आणि शस्त्रवैद्यांनीं नाकारलेला होता. झडप उत्तम चालली. रोगी मात्र चार महिन्यांनीं दुसऱ्या व्याधींनीं वारला. पोर्टलंडचा रोगी शिडीवरून पडून गेला आणि रुआंचा झडप चालत असतांना गेला, या दोहोंमधील अंतर हेंच पुढच्या संशोधनाचें क्षेत्र झालें. २०१० सालीं शस्त्रक्रिया सोसणार नाहीं अशा ३५८ वृद्धांवरील प्रयोगाचा निकाल लागला: नळीवाटे झडप बसविलेल्यांपैकीं ३०.७ टक्के, आणि नुसत्या औषधपाण्यावर ठेवलेल्यांपैकीं ५०.७ टक्के लोक वर्षाच्या आंत वारले. उपाय थोर खरा. पण ज्यांना नवी झडप मिळाली त्यांतलेहि शंभरांत तीस वर्षभर टिकले नाहींत. ते कोण, हें आधीं कळतें तर?

तेव्हां हृदयाबाहेरचे साक्षीदारहि बोलाविण्यांत आले. मूत्रपिंडाची स्थिति सांगणारें क्रिएटिनिन १९९९ च्या युरोपीय धोकामापनांत आधींच होतें. सेंट लुइसच्या ब्रायन लिंडमन यांच्या चमूनें २०१५ सालीं ताणाचीं तीन निरनिराळीं द्रव्यें एकत्र मोजलीं, आणि त्यांपैकीं जितकीं अधिक चढलेलीं तितका झडप बदलल्यावर मृत्यु अधिक, असें त्यांना आढळलें. परंतु या सर्वांत मॉन्ट्रियालचे जोनाथन आफिलालो यांची रीति विशेष लक्षांत राहण्यासारखी आहे. २०१७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं झडप बदलण्यास आलेल्या सत्तरीपुढील १०२० रोग्यांत दुबळेपणाच्या निरनिराळ्या कसोट्या ताडून पाहिल्या, आणि जी उत्तम ठरली तिच्यांत चारच गोष्टी होत्या: रक्तांतील हिमोग्लोबिन, रक्तांतील अल्ब्युमिन, बुद्धीची एक साधी परीक्षा, आणि हातांचा आधार न घेतां खुर्चीवरून पांच वेळां उठतां येतें कीं नाहीं. लक्ष कोटीव्या भागाचें वजन करणाऱ्या शास्त्राला खुर्चीची अडचण वाटली नाहीं, हें त्या शास्त्राचें भूषणच म्हणावयाचें.

अंक हातीं आला म्हणजे त्याचा मोह पडतो, आणि येथें मोठ्या सावधगिरीची गरज आहे. बी.एन.पी. मूत्रपिंड बिघडलें तरी चढतें, नाडी अनियमित झाली तरी चढतें. स्थूल माणसांत तें कमी दिसतें. तेव्हां एकाच तपासणीवर निकाल देणें योग्य नाहीं, आणि म्हणूनच युरोपीय नियमांनीं ती पुन्हां करून पाहण्याची अट घातली. पण याहून खोल घोटाळा दुसराच आहे. ज्याचा अंक चढलेला आहे तो झडप बदलल्यावर मरण्याचा संभव अधिक, हें खरें. म्हणून त्याची झडप बदलूं नये, असें त्यावरून निघत नाहीं. कारण न बदलली तर मरण्याचा संभव त्याहूनहि अधिक असूं शकतो. धोका सांगणें वेगळें आणि लाभ सांगणें वेगळें. पहिल्यासाठीं रोग्यांच्या मागें वहीपेन्सिल घेऊन बसलें तरी पुरतें. दुसऱ्यासाठीं सारख्या रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावे लागतात आणि एका गटाला थांबवावें लागतें. शिवाय शंभर माणसांच्या गटाविषयीं जें खरें, तें समोर बसलेल्या एका आजोबांविषयीं खरें असेलच असें नाहीं. एखाद्या घरांत हा अंक कागदावर येतो तेव्हां मुलें विचारतात, बाबा किती दिवस जगतील? त्या प्रश्नाचें उत्तर त्या कागदावर नसतें. आतांच करूं, कीं थोडें थांबूं, एवढ्याच प्रश्नाला त्याची मदत होते.

हिंदुस्थानच्या दृष्टीनें आणखी एक भेद ध्यानांत ठेवावयास हवा. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतील वृद्धांवर आणि चुना सांचलेल्या महारोहिणीच्या झडपेवर झाले आहेत. आपल्याकडे संधिज्वरानें तरुणपणींच द्विदल झडप बिघडलेले रोगी पुष्कळ. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालीं अनेक नमुने फसल्यावर सिद्ध झालेली आणि ६ डिसेंबर १९९० रोजीं प्रथम बसविलेली स्वदेशी झडप मुख्यतः अशांच्या गरजेंतून निघाली. द्विदल झडप नुसती अरुंद झाली असतां ताण डाव्या जवनिकेवर न पडतां तिच्यामागच्या कर्णिकेवर, फुप्फुसांवर व उजव्या बाजूवर पडतो. तेव्हां जो निरोप मुख्यतः जवनिका पाठविते त्याच्या पाश्चात्त्य रेघा अशा तिशीच्या रोग्याला जशाच्या तशा लावतां येणार नाहींत.

चिठ्ठ्या टाकून लाभ पाहण्याचा प्रयोगहि शेवटीं झाला. ब्रिटन व ऑस्ट्रेलियांतील २२४ लक्षणरहित रोग्यांचा प्रयोग २०२४ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झाला. त्यांत रक्तांतील ट्रोपोनिन व हृदयाचा विद्युत्-आलेख यांवरून संशयित निवडले, चुंबकीय चित्रानें त्यांच्या स्नायूंत व्रण असल्याची खात्री केली, आणि मग निम्म्यांची झडप लगेच बदलली. मृत्यु किंवा या रोगापायीं अकस्मात् इस्पितळांत जाणें, यांचें प्रमाण लगेच बदललेल्यांत १८ व थांबलेल्यांत २३ टक्के आलें. केवळ योगायोग नव्हे असें म्हणण्याइतका हा फरक मोठा ठरला नाहीं. त्याच महिन्यांत अमेरिका व कॅनडा येथील ९०१ रोग्यांचा दुसरा निकाल आला. तेथें रक्ताच्या खुणेवरून निवड केलेलीच नव्हती. चालत्या पट्ट्यावर चालवून त्रास होत नाहीं एवढें पाहिलें होतें. मृत्यु, पक्षाघात वा हृदयापायीं अकस्मात् इस्पितळांत जाणें, हें सर्व मिळून लगेच झडप बसविलेल्यांत २६.८ आणि थांबलेल्यांत ४५.३ टक्के झालें. नुसत्या मृत्यूचें प्रमाण मात्र दोन्हीकडे जवळजवळ सारखें होतें. आणि ज्यांना थांबावयास सांगितलें होतें, त्यांच्यापैकीं शेंकडा ८७ लोकांना चार वर्षें सरण्याच्या सुमारास ती झडप बसवून घ्यावी लागलीच होती.